वा म्हणण्याजोगा अर्ज

परवा एका महाविद्यालयाचं पत्र आलं. चर्चासत्र आहे. विषय, काव्यभाषेचं तत्त्वज्ञान आणि आधुनिक जीवन. बीजभाषण मी करावं, जाण्यायेण्याची सोय होईल, शाल-श्रीफळ आहेच. सही करणाऱ्यानं मला ‘शब्दप्रभू’ म्हटलंय. आयुष्यात मला शिव्या पुष्कळांनी दिल्या, पण इतकी नेमकी कुणी दिली नव्हती.

मी जाणार नाही. तिथं काय होतं ते मला पाठ आहे. एक जण म्हणतो, आधुनिक जीवनात भाषा बोथट झाली; दुसरा म्हणतो, काव्यच तिला धार लावील; तिसरा घड्याळ बघतो आणि मग जेवण होतं. काव्यभाषेबद्दल मला जेवढं कळतं ते एका अर्जातून कळलं. तो अर्ज मीच लिहिला होता. शाल पांघरून हे सांगता येणार नाही, म्हणून इथं लिहितो.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. मी परभणीत एका कॉलेजात मराठी शिकवत होतो. वय सत्तावीस. गंगाखेड तालुक्यात राणीसावरगावच्या पलीकडं आमचं खेडं, आणि खेड्याच्या कडेला आमची वस्ती. छप्पन सालानंतर वस्तीनं बुद्धाचा धर्म घेतला होता. घरोघरी जुने देव ओढ्यात गेले आणि पोरं शाळेत गेली. त्या पोरांतला पहिला एम. ए. मी. त्यामुळं माझी मान जरा जास्तच ताठ होती. वस्तीनं मला शिकवलं ते वस्तीच्या कामाला यावं म्हणून, असं सगळे समजत होते. मी समजत होतो, मी साहित्याच्या कामाला आलोय.

साहित्य परभणीत दर रविवारी सकाळी नऊला व्हायचं. जमिनीच्या खात्यातले एक मोठे साहेब होते, स्वतः कवी. त्यांच्या बंगल्यातल्या पुढच्या खोलीत बैठक बसायची. आम्ही सहा-सात जण. सतरंजी, लोड, पोहे, दोनदा चहा. निजामाचं राज्य जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, पण मुशायऱ्याची ऐट आमच्यातून गेली नव्हती. कुणी ओळ वाचली की बाकीच्यांनी ‘वा’ म्हणायचं, फारच आवडली तर ‘पुन्हा’ म्हणायचं, आणि वाचणाऱ्यानं मान तुकवून कपाळाशी हात न्यायचा. ओळ कशीही असो, वा ठरलेला. आज मी तुझ्या ओळीला वा म्हटलं तर पुढच्या रविवारी तू माझ्या ओळीला म्हणशील, एवढाच तो सगळा व्यवहार. काव्यभाषा व्यवहाराच्या पलीकडची असते, हे आम्ही तिथंच बसून सिद्ध करत होतो.

बैठकीचा एक नियम मात्र कडक होता. कचेरीचा विषय काढायचा नाही. साहेब म्हणायचे, “या उंबऱ्याच्या आत मी फक्त माणूस.” उंबऱ्याच्या बाहेर ते काय होते हे त्यांना कुणी विचारलं नाही.

त्या थंडीत मी बैठकीत एक निबंध वाचला. त्यातला मुख्य विचार माझा मलाच फार आवडला होता. व्यवहारातला शब्द म्हणजे निरोप्या. निरोप सांगितला की त्याचं काम संपलं, मग त्याच्याकडं कुणी बघत नाही. काव्यातला शब्द म्हणजे असा निरोप्या, की तो इतका सजून येतो की लोक त्यालाच बसवून घेतात, पाणी देतात, त्याच्याकडं बघत राहतात, आणि निरोप विचारायचं राहून जातं. हेच काव्याचं स्वातंत्र्य, असं मी म्हटलं. साहेबांनी ‘पुन्हा’ म्हटलं. मी पुन्हा वाचलं.

चैत्रात चुलता चुलतीला घेऊन परभणीला आला. चुलतीच्या पोटात पाणी झालं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दिवाळी बघितली तर नशीब. चार दिवस ती माझ्या खोलीवर होती. माझी आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात असायची, त्यामुळं मला या चुलतीनंच वाढवलं. राणीसावरगावच्या शाळेला पायी जायचो तेव्हा फडक्यात भाकर बांधून देणारी तीच. तिला डॉक्टरांचं कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं.

एकदा दुपारी ती म्हणाली, “मला मरायचं भ्याव न्हाई रं. पर पावसाळ्यात मराया नगं.”

मला कळलं होतं, तरी मी का म्हणून विचारलं.

“गेल्या साली ते शेजारचं म्हातारं मरून दीड दिस घरात पडलं हुतं. वढ्याला पूर. मी माशा हाकलल्या त्याच्या तोंडावरच्या, दीड दिस. माझं तसं हू दिऊ नगा.”

हे जरा समजावून सांगायला हवं. गावचं स्मशान गावाच्या अंगालाच होतं. पण ते गावचं. आमच्या वस्तीचं स्मशान ओढ्यापलीकडं, खडकाळ जागेत. उन्हाळ्यात ओढा म्हणजे नुसती वाळू. पावसाळ्यात तो एकदा भरला की दोन-दोन दिवस उतार देत नाही, आणि माणसं काही ओढ्याला विचारून मरत नाहीत. ओढ्याच्या अलीकडं गायरान होतं, बाभळी वाढलेलं, कुणाच्या कामाचं नाही. त्यातला तुकडा वस्तीला मिळावा एवढंच मागणं होतं.

त्यासाठी चुलत्यानं माझ्या खोलीवर येतानाच एक अर्ज लिहून आणला होता. परभणीतच कचेऱ्यांच्या आवारात लिंबाखाली एक म्हातारे अर्जनवीस बसायचे. त्यांना सगळे मुनशी म्हणायचे. उर्दू शाळेत शिकलेले, पुढं राज्य बदललं म्हणून चाळिशीत मराठी लिहायला शिकले. समोर पत्र्याची पेटी, तिच्यावरच कागद ठेवून लिहायचे. चुलत्यानं मोठ्या भक्तीनं तो कागद माझ्यासमोर उलगडला. अर्ज असा होता:

‘वस्तीचे स्मशान ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढा उतार देत नाही. मागील साली एक मयत दीड दिवस घरात. ओढ्याअलीकडे सरकारी गायरान आहे. पैकी पाच गुंठे स्मशानास मिळावेत. पावसाळ्यापूर्वी मिळावेत. नकाशा सोबत. अंगठे एकोणीस.’

मी हसलो. हे आठवलं की आजही मला माझ्याच तोंडात मारावंसं वाटतं, पण मी हसलो. म्हणालो, “काका, ही काय भाषा आहे? तार केल्यासारखी. माणसाच्या मरणाची गोष्ट, आणि त्यात एक शब्द हलत नाही. मी लिहितो.”

चुलत्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मला त्या वेळी माझ्या विद्वत्तेचा मान वाटला. आपलं पोरगं शिकलं ते याच्यासाठी, असं त्याला वाटलं असणार. त्यानं मुनशीचा कागद घडी करून खिशात ठेवला.

दोन दिवस खपून मी तीन पानं लिहिली. सुरुवात अशी होती: ‘मृत्यूलाही पैलतीर असते असे म्हणतात. आमच्या मृत्यूला मात्र पैलतीर गाठण्यासाठी पुराची परवानगी घ्यावी लागते.’ पुढं ओढा बोलतो, मग बाभळी बोलतात, मग दीड दिवस घरात पडलेला म्हातारा बोलतो. फक्त अर्जदार बोलत नाही. ‘पाच गुंठे’ लिहायला मला कसंतरीच वाटलं. तिसऱ्या पानाच्या शेवटी मी ‘मूठभर माती’ असं लिहिलं. ‘पावसाळ्यापूर्वी’ याच्या जागी ‘आभाळ भरून येण्याआधी’ असं आलं. एकोणीस अंगठ्यांनी पान खराब होईल म्हणून चुलत्यानं गावाहून आणलेला अंगठ्यांचा कागद तसाच वेगळा ठेवला. नकाशा जोडलाच नाही. अशा मजकुराला कुणी नकाशा जोडतं का?

चुलत्याला हौस की हे मुनशीला दाखवावं. नाइलाजानं गेलो. मुनशीनं चष्मा पुसला, तीनही पानं सावकाश वाचली, घडी बिघडू न देता परत दिली.

“बहोत खूब लिहिलंय, प्रोफेसरसाब. ह्याच्यात मागणी कुठं हाय?”

“तिसऱ्या पानावर.”

“हाकीम तिसऱ्या पानावर येत नसतो.”

मी म्हणालो, “हे साहेब वेगळे आहेत. वाचताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल बघा.”

मुनशी म्हणाले, “तेच म्हणायलो मी. हाकिमाला रडवायचं नसतंय. रडला की त्याला वाटतंय आपून आपलं काम केलं. मग सही कशाला करंल?”

मला वाटलं, म्हाताऱ्याचं गिऱ्हाईक तुटलं म्हणून पोटात दुखतंय. काव्यभाषेवर इतकं खरं वाक्य मी त्यानंतर कुठल्याही जाड ग्रंथात वाचलं नाही, आणि ते सांगणाऱ्याला मी मनातल्या मनात अडाणी म्हणून मोकळा झालो. चाळीस वर्षं शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला अडाणी म्हणायला एम. ए. व्हावं लागतं.

अर्ज रीतसर कचेरीच्या आवक खिडकीवर द्यायचा, शिक्का मारून घ्यायचा, नंबर लिहून आणायचा. चुलत्यानं तसं सुचवलंही. पण साहेब माझे स्नेही. खिडकीवर रांगेत उभं राहायचं म्हणजे स्नेहाचा अपमान. मी शनिवारी संध्याकाळी तीन पानं पाकिटात घालून साहेबांच्या हातात दिली. म्हणालो, “जरा निवांत वाचा.” साहेबांनी ते शब्दशः पाळलं.

दुसऱ्या दिवशी बैठक. साहेबांनी चुलत्याला बघावं म्हणून मी त्याला बरोबर नेलं. तो व्हरांड्यात चपलांशेजारी बसला. आत ये असं त्याला कुणी म्हणालं नाही. साहेबांचं सोडा, मीही म्हणालो नाही. त्या खोलीत माझी स्वतःची सतरंजी अजून पक्की झाली नव्हती, हे त्याचं कारण. कारण लिहिलं म्हणून ते कमी नीच होत नाही.

पोहे झाल्यावर साहेबांनी खिशातून माझं पाकीट काढलं. म्हणाले, “आज मी माझं काही वाचणार नाही. आज मला एक असा मजकूर वाचायचाय, की जो लिहिणाऱ्याला कदाचित माहीत नाही की ते काव्य आहे.”

मला चांगलंच माहीत होतं.

साहेबांचा आवाज चांगला होता. पैलतीराच्या वाक्याला पहिला वा आला. ओढा बोलायला लागला तेव्हा एक वकील ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणाले. दीड दिवस पडलेल्या म्हाताऱ्याच्या जागी साहेब थांबले, रुमाल काढला, डोळे टिपले. मग सगळ्यांनी मिळून जी दाद दिली तशी माझ्या कवितांना कधी मिळाली नव्हती. मूठभर माती आली तेव्हा तर कुणालाच वाटलं नाही की कुणी काही मागतंय.

आणि मी काय केलं? मी उठून उभा राहिलो, मान तुकवली आणि कपाळाशी हात नेला.

तेवढ्या वेळात एक वाक्य बोलता आलं असतं. साहेब, हा अर्ज आहे, याच्यावर शेरा मारा. पण कचेरीचा विषय काढायचा नाही हा नियम होता, आणि नियम मोडून ती दाद विस्कटायची माझी तयारी नव्हती. निरोप्याला सगळे बघत होते. निरोप्या लाजत होता.

बाहेर आल्यावर चुलत्यानं चपला पायात सरकवल्या. त्याचे डोळे चमकत होते. म्हणाला, “समदं ऐकलं म्या. सायब सोता वाचायलते. समदे वा वा करायलते. झालं का रं काम?”

मी म्हणालो, “झालंच समजा, काका.”

त्या वर्षी देशात आणीबाणी होती. साहेबांच्या कचेरीत टेबलामागं मोठी पाटी लागली होती, कमी बोला, जास्त काम करा. पाटीचं अक्षर फार सुरेख होतं.

चुलता गावी गेला आणि त्यानं वस्तीत सांगितलं की मंजूर झालं. त्याचं काय चुकलं? त्याच्या हिशेबात, मोठ्या साहेबानं चारचौघांत अर्ज वाचला, सगळे ‘वा’ म्हणाले आणि अर्ज लिहिणाऱ्यानं सलाम केला, म्हणजे हुकूम झाला. हुकूम असाच होतो. शब्द नुसते ऐकायला वाचतात, असली चैन त्याला ठाऊक नव्हती. वैशाखात वस्तीतल्या बायाबाप्यांनी गायरानातल्या बाभळी तोडल्या, काटे ओढले, दगड वेचले, चारी कोपऱ्यांना चुन्यानं रंगवलेले धोंडे पुरले. चुलतीला बैलगाडीत बसवून ती जागा दाखवून आणली. शाळेच्या गुरुजींकडून लिहून घेतलेलं एक कार्ड मला आलं. त्यात होतं, ‘तुझ्या चुलतीने जागा बघितली. तिला बरे वाटले.’

मलाही बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी चौकशी केली नाही. दर रविवारी मी साहेबांसमोर बसत होतो. दोन-तीनदा ओठांवर आलं. एकदा पोहे वाढताना हळूच म्हणालो, “तो गायरानाचा विषय...” साहेबांनी बोट वर केलं, हसले आणि म्हणाले, “उंबरा, उंबरा.” सगळे हसले. मीही हसलो. आठवड्यातले सहा दिवस कचेरी उघडी होती आणि माझ्या खोलीपासून ती पायी दहा मिनिटांवर होती. पण तिथं गेलो तर मी कवी न राहता अर्जदार झालो असतो.

श्रावणात वस्तीतला एक जण दुपारी कॉलेजवर आला. चुलती आदल्या दिवशी सकाळी गेली होती. एसटीनं गंगाखेड, तिथून राणीसावरगाव, पुढं चिखलातून पायी. वस्तीत पोचलो तेव्हा उजेड होता, आणि चुलती अजून घरातच होती.

काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. ओढ्याला पूर होता. पण आता ओढा ओलांडायचाच नव्हता. वस्तीनं तिला बांधून वाजतगाजत चुन्याच्या धोंड्यांपाशी नेलं. तिथं पोलीस पाटील चार माणसं घेऊन उभे. त्यांनी आरडाओरडा केला नाही. नुसतं विचारलं, कागद कुठाय? चुलत्यानं खिशातून मुनशीचा जुना अर्ज काढून दाखवला. तो वाचून पाटील म्हणाले, ह्यो तर अर्ज हाय, हुकूम कुठाय? आणि तिला परत घरी आणावं लागलं. मेलेलं माणूस घरी परत आणणं म्हणजे काय हे ज्यानं केलं नाही त्याला सांगून उपयोग नाही.

मी तसाच पाटलांच्या घरी गेलो. खूप बोललो. कायदा, माणुसकी, स्वातंत्र्य, मातीवरचा सगळ्यांचा हक्क. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू यायला लागला, आणि तो चांगला लागला होता. पाटील जात्याच वाईट माणूस होते असं नाही. गाव काय म्हणेल याला ते भीत होते आणि कागद नाही हे त्यांना आयतं मिळालं होतं. माझं संपल्यावर ते म्हणाले, “सर, तुमी लय चांगलं बोलायलाव. कागद हाय का?”

नव्हता. मी परत आलो.

चुलती वाकळेवर होती. चुलता उशाशी बसून लुगड्याच्या फडक्यानं माशा हाकलत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि परत फडकं हलवायला लागला. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. आमच्याकडं बाया हेल काढून, बोलून बोलून रडतात. मेलेल्याला हाक मारून त्याच्या एकेका गोष्टीची आठवण गातात. दीड दिवस रडून त्यांचे आवाज बसले होते. तेवढ्यात माझी आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, “जाऊबाई, तुला जागा दावून आणली की गं, मंग माघारी का आलीस.”

आणि माझ्या मनात आलं, काय ओळ आहे.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या बाईनं मला भाकर बांधून दिली तिच्या पायाशी बसून मी दाद दिली. तोंडानं नाही, पण दिली. त्या घरात दुसरं कुणी ‘वा’ म्हणालं नाही. आईच्या शेजारची बाई नुसती तिच्या अंगावर रेलली आणि दोघी रडल्या. आईच्या शब्दांना जिथं जायचं होतं तिथं ते गेले. कविता म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी त्या दोघींकडं बोट दाखवीन. आमची सतरंजी आणि लोड, रुमाल आणि पोहे, हे सगळं त्याच्यापुढं थुंकण्याच्या लायकीचं होतं.

पूर तिसऱ्या दिवशी सकाळी उतरला. कमरेइतक्या पाण्यातून तिला पलीकडं नेलं, जिथं तिला जायचं नव्हतं.

परभणीला परतल्यावर मी पहिल्यांदा कचेरीत गेलो. आवक खिडकीवरच्या कारकुनानं चैत्रापासूनचं रजिस्टर बोट लावून बघितलं. म्हणाला, “असा अर्जच आलेला नाही.” मी साहेबांच्या नावानं दिल्याचं सांगितलं. त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी अडाणी माणसांकडं बघताना वापरायचो.

मग बंगल्यावर गेलो. रविवार नव्हता, पण साहेबांनी आनंदानं बसवून घेतलं. अर्जाचं विचारताच ते उठले आणि कपाटातून एक रेशमी दोऱ्याची फाइल काढली. तिच्यात त्यांच्या आवडत्या कविता होत्या, आणि त्यांत माझी तीन पानं. काही ओळींखाली हिरव्या पेन्सिलीनं रेघा ओढल्या होत्या.

“अहो, हा काय कचेरीत टाकायचा कागद आहे?” साहेब म्हणाले. “तिथं उंदीर खातात. मी जपून ठेवलाय.”

एकोणीस अंगठ्यांचा कागदही होता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर साहेबांनी स्वतःच्या एका कवितेचा खर्डा केला होता.

मी त्यांना सांगितलं. चुलती, चुन्याचे धोंडे, पाटील, दोन दिवस. साहेबांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. ते ढोंगी नव्हते, हाच तर सगळा घोळ आहे. डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, पुन्हा रुमाल निघाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “लिहा यावर. तुमच्याच हातून होईल.”

मी फाइलीतून माझी पानं आणि अंगठ्यांचा कागद काढून घेतला आणि निघालो. त्यानंतर बैठकीला गेलो नाही. आपण त्यांना सोडलं असं मला काही वर्षं वाटायचं. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय होता, हे विचारायला मी तेव्हाही घाबरत होतो.

दिवाळी होऊन गेल्यावर चुलता आला. एकटाच. चहा झाल्यावर म्हणाला, “अर्ज पुन्यांदा करावा म्हनतो. आता माझाबी नंबर हाय.”

मी लगेच उठलो. चांगला कागद काढला, पेनात शाई भरली, टेबलाशी बसलो. या वेळी साधं लिहायचं असं ठरवत होतो, आणि साधेपणाची एक फार देखणी सुरुवात मला सुचलीही होती. चुलत्यानं पुढं वाकून कागदावर तळहात ठेवला.

“तू नगं लिहू, बाबा,” तो म्हणाला. “तू लय चांगलं लिवतूस.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. माझं कौतुक करून तो मला दूर सारत होता. टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

आम्ही लिंबाखाली गेलो. मुनशीनं जुना अर्ज मागून घेतला, पेटीवर पसरला आणि शेजारी कोरा कागद ठेवून जसाच्या तसा उतरवायला लागले. ‘एक मयत दीड दिवस घरात’ इथवर आले आणि थांबले. चुलत्याकडं बघितलं. चुलता लिंबाच्या बुंध्याकडं बघत होता. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

“ह्या सालची किती दिवस, प्रोफेसरसाब?”

मी म्हणालो, “दोन.”

त्यांनी तसं लिहिलं, नकाशा जोडला, आणि आम्हाला आवक खिडकीच्या रांगेत उभं केलं. पुढच्या पावसाळ्याआधी गायरानातले पाच गुंठे वस्तीच्या नावे झाले. ज्या अर्जावर ते झाले, त्यातला तेवढा एकच शब्द माझा आहे.